यमुनाबाईंची लांबलेली रजा

रत्नागिरीत जिभेला धार असलेल्या बायकांना कधी तोटा नव्हता. पण बाकीच्या बायका ती धार शेजारणीवर नाहीतर सुनेवर चालवायच्या, आणि झाडगावातल्या यमुनाबाई शेट्ये ती स्वतःवरच चालवायच्या. देवानं गोरेपण वाटायला काढलं तेव्हा मी चुलीपाशी होते, जाऊन पोचले तोवर तळाची काजळी उरली होती, तीच पदरात घेऊन आले, असं त्या आपल्या रंगाबद्दल सांगायच्या. आवाजाबद्दल म्हणायच्या, मी गौरीपुढं गायला लागले की गौर दोन दिवस आधीच विसर्जनाला निघते. ऐकणाऱ्या बायका पोट धरून हसायच्या. आणि एकदा का अमकी बाई हसवते असं गावात ठरलं की तिनं नुसतं 'आज उकाडा आहे' म्हटलं तरी लोक हसतात. यमुनाबाईंचं तसंच झालं होतं.

त्यांचे यजमान आत्मारामशेट. बाजारात त्यांचं नारळ-सुपारीचं दुकान होतं. कानाशी नारळ हलवून आत पाणी किती ते सांगायचे, बायकोच्या मनात काय आहे ते मात्र उभ्या जन्मात त्यांना सांगता आलं नाही. घरात सत्ता आत्मारामशेटांच्या आईची, येसूबाईंची. धाकटी जाऊ मथुरा. तिचा नवरा लवू मुंबईत एका पेढीवर कामाला होता, शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. यमुनाबाईंच्या दोन मुली होत्या, त्या लग्न होऊन गुहागरला गेलेल्या. म्हणजे माणसं थोडी. पण काम काही माणसं मोजून येत नाही. पहाटे रहाट ओढायचा, मग गोठा, मग जातं, मग पेज, मग जेवणं, मग दुकानातून सोलायला आलेल्या सुपाऱ्या, की पुन्हा चूल. यमुनाबाईंना पाठ टेकायला मिळायची ती महिन्यातून एकदाच.

ती कशी, ते सांगतो. बायकांची महिन्याची अडचण आली की आमच्याकडं 'कावळा शिवला' म्हणायचे. कावळा शिवला की परसाकडची पडवी, एक चटई, एक कांबळं, वेगळा थाळा आणि वेगळा तांब्या. तिनं कशाला शिवायचं नाही, तिला कुणी शिवायचं नाही, जेवण वरून वाढायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आत. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या बायका आता या चालीविरुद्ध भाषणं करतात म्हणे. करोत बापड्या. त्यांच्याकडं पाणी नळाला येतं. यमुनाबाईंचं मत साधं होतं. सरकारी कारकुनाला रविवार आहे, शाळामास्तराला मे महिना आहे, गलबताला पावसाळा आहे, आणि शेट्यांच्या सुनेला कावळा आहे. ते चार दिवस त्या दगडी गडग्यापलीकडच्या माडांकडं बघत आडव्या व्हायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना हसवायच्या. पडवीत त्यांचा दरबार भरायचा.

सन एकोणीसशे बत्तीसच्या गणपतीनंतर हा कावळा वेळेवर उडेनासा झाला. चौथ्या दिवशी न्हाऊन आत यावं तर संध्याकाळी पुन्हा बाहेर. अंगावरून जायचं तेही भलतंच. आठवडा झाला, पंधरवडा झाला. दिवाळीत अनारसे तळता तळता झारा टाकून त्यांना पडवी गाठावी लागली. उरलेले मथुरानं घाईनं तळले आणि निम्मे तुपात हसले, म्हणजे फुटून विरघळले.

"अनारसेसुद्धा हसतात मला," यमुनाबाई पडवीतून म्हणाल्या, "मग माणसांना काय दोष द्यायचा."

"काय गो यमुने, पडवी तुझ्या नावावर करून देऊ काय?" येसूबाईंनी विचारलं.

"द्या की सासूबाई. सरकारचा धारा मी भरीन. माझा कावळा शिवून उडून जात नाही, घरटं बांधून राहिलाय. आता अंडी तेवढी घालायची बाकी आहेत."

हे घरट्याचं वाक्य आळीभर झालं. विहिरीवर बायका एकमेकींना विचारायच्या, काय गो, यमुनाबाईंच्या कावळ्यानं अंडी घातली काय? मथुराला मात्र हसू येत नव्हतं, कारण रहाटापासून चुलीपर्यंत सगळं आता तिच्या एकटीच्या अंगावर पडलं होतं. वहिनींनी बरी युक्ती काढलीय, असं ती एकदा कळशी घासता घासता पुटपुटली. यमुनाबाईंनी ते ऐकलं. राग यायला हवा होता, पण त्यांना लाज वाटली. कारण मनातल्या मनात त्यांनाही तसंच वाटत होतं. एवढी वर्षं राबल्यावर देवानं साठवलेली रजा एकदम दिली असेल, मग आपण का बोंब मारायची? दुखत तर फारसं नव्हतं. आणि कोकणातल्या बाईच्या शास्त्रात जे दुखत नाही ते दुखणं नव्हे.

तरी उपचार झाले नाहीत असं नाही. येसूबाई कडक असल्या तरी दुष्ट नव्हत्या. त्यांनी जास्वंदीच्या कळ्या दुधात वाटून दिल्या, दूर्वांचा रस दिला, तांदळाच्या धुवणातून काय काय पूड दिली. "मला आता सोंड तेवढी फुटायची राहिलीय," यमुनाबाई म्हणाल्या, "दूर्वा झाल्या, जास्वंद झाली, उद्या मोदक आणा." चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा होतं तसं सुरू झालं.

मग आत्मारामशेट आप्पा वैद्यांकडे गेले. आप्पांनी अशोकाच्या सालीचा काढा सांगितला. यजमानांनी विचार केला, विकतची साल कशाला, शाळेच्या आवारात अशोकाची उंच उंच झाडं रांगेनं उभी आहेत. मास्तरांना विचारून त्यांनी कोयत्यानं चांगली फडकंभर साल काढून आणली. यमुनाबाई महिनाभर तो काढा नाक दाबून प्यायल्या. मग एक दिवस आप्पा वैद्य सुपारी घ्यायला दुकानात आले, उरलेली साल पाहिली आणि डोक्याला हात लावून खालीच बसले. औषधाचा तो सीतेचा अशोक, त्याला केशरी फुलं येतात, तो वेगळा. हा नुसता शोभेचा.

"म्हणजे मी महिनाभर शाळेची शोभा प्यायले," यमुनाबाई म्हणाल्या. "तरीच म्हटलं, आतून पाढे म्हणावेसे का वाटतात."

खरा अशोक आणून काढा दिला. रक्त थोडं कमी झालं, थांबलं मात्र नाही. आप्पा स्वतः म्हणाले की इतक्या दिवसांचं आहे, एकदा डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर सायकलवरून आले. आता बाई बाहेरची, येसूबाई दारात उभ्या, तेव्हा डॉक्टर खळ्यातच, म्हणजे अंगणातच, स्टुलावर बसले आणि प्रश्न आत्मारामशेटांना विचारू लागले. आत्मारामशेटांना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, म्हणून उत्तरं पडवीतून यमुनाबाईंनी दिली. दिली म्हणजे काय, दरबारच भरवला. कावळा सांगितला, घरटं सांगितलं, शाळेची शोभा सांगितली. डॉक्टर डोळे पुसत हसले. एवढी आनंदी पेशंट पाहिली नाही म्हणाले, आणि एक कडू मिक्श्चर आणि एक तांबडी टॉनिकची बाटली देऊन गेले. मिक्श्चरनं पोटात कळा आल्या, आठ दिवस रक्त थांबलं, सगळ्यांना वाटलं सुटली. मग बाटली संपली.

यमुनाबाईंची चूक कुठं झाली म्हणाल तर इथं. डॉक्टरांनी निघताना विचारलं होतं, बाकी कसं वाटतं? तेव्हा पायऱ्या चढताना धाप लागते, कानात सारखा समुद्र वाजतो, सुपातले कच्चे तांदूळ चावून चावून खावेसे वाटतात, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण हसणाऱ्या माणसाला असलं काय सांगायचं? रंगात आलेलं कीर्तन मोडून कुणी आपलं पोट दुखतंय म्हणून सांगतं काय? त्या म्हणाल्या, "राणीसारखी आहे."

आणि दिसतही तशाच होत्या, ही तर खरी गंमत. माघ फाल्गुनापर्यंत यमुनाबाई चक्क गोऱ्या दिसू लागल्या. चेहरा भरला, गाल वर आले. बसून खाल्लं की बाई कशी सुधारते बघा, असं येणारी प्रत्येक बाई म्हणायची. येसूबाईही म्हणाल्या, सावलीत राहून उजळलीस हो. आत्मारामशेट एरवी बायकोकडं बघून न बघितल्यासारखं करायचे, तेही खळ्यातून जाताना जरा थबकू लागले. यमुनाबाईंनी तांब्यातल्या पाण्यात आपलं तोंड पाहिलं आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. चाळिशी उलटल्यावर देवाला काजळीची चूक कळली म्हणायची. आता मला पाहायला कुणी आलं तर हुंडा मागू नका म्हणावं, असं त्यांनी मथुराला सांगितलं, आणि त्या दिवशी मथुरासुद्धा हसली.

चैत्रात येसूबाईंच्या भाचीचं लग्न निघालं, म्हणून राजिवड्याहून हफीजा बांगड्या भरायला आली. ती वर्षानुवर्षांची बांगडीवाली. घरातल्या बायकांना ओटीवर भरून झाल्यावर टोपली उचलून ती पडवीकडं वळली. विटाळशीला आणि हफीजाला एकमेकींची शिवाशीव नव्हती. येसूबाईंच्या स्वयंपाकघरातून पाहिलं तर दोघी सारख्याच बाहेरच्या.

हफीजानं चटईवर बसून यमुनाबाईंचा हात हातात घेतला, सवयीनं अंगठा मुडपला, आणि बांगडी चढवायला लागली. दाबावंच लागलं नाही. मागल्या वर्षी ज्या मापाला यमुनाबाईंनी आई गं आई गं केलं होतं, ती बांगडी कोपरापर्यंत घसरली. हफीजानं ती काढली. मग हात उलटा करून नखं पाहिली, तळवा पाहिला.

"भाबी, हात एवढा थंड कसा?"

"गोऱ्या बायकांचे हात थंडच असतात," यमुनाबाई म्हणाल्या. "तुला माहीत नाही, मी आता मडमेत जमा झाले. माझा कावळा घरटं बांधून..."

हफीजा हसली नाही. यमुनाबाईंनी वाक्य पुरं केलं, अंड्यांपर्यंत नेलं, तरी हसली नाही. तिनं हात सोडलाही नाही.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"माझी थोरली बहीण अशीच गोरी झाली होती," हफीजा म्हणाली. "तोंडावर अशीच सूज. आम्हीपण म्हटलं, काय सुरेख दिसायला लागली."

"आणि मग?"

हफीजानं टोपलीतून लहान मापाच्या बांगड्या काढल्या आणि खाली मान घालून भरत राहिली. यमुनाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. तिच्या हाताची ऊब मनगटाभोवती लागत होती, आणि त्यांच्या एकाएकी ध्यानात आलं की गणपतीपासून आपल्या हाताला माणसाचा हात लागलेलाच नाही. सासूनं वरून वाढलं, जावेनं दुरून पाणी ओतलं, नवऱ्यानं खळ्यातून विचारलं, डॉक्टर स्टुलावर बसले. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं. डोळ्यांना त्या गोऱ्या दिसल्या आणि कानांना आनंदी वाटल्या. हात लावला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. यमुनाबाईंना भीती वाटली, आणि ती सांगायला तोंड उघडावं तर जिभेवर आधी विनोदच येऊन बसला. ही जीभ आपल्याला घेऊन जाणार, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

हफीजा जाताना ओटीवर येसूबाईंना काय बोलली कोण जाणे, पण संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आले. या खेपेला यमुनाबाईंनी आधीच सांगितलं, "स्टूल इकडं आणा. माझा हात पाहा." डॉक्टरांनी हात पाहिला, पापणी खाली ओढून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला. अंगात रक्त म्हणून फारसं उरलेलंच नाही, ते म्हणाले. मग आत्मारामशेटांना समजावून सांगितलं. औषधानं थांबायचं असतं तर एव्हाना थांबलं असतं. आता मुंबईला लेडी डॉक्टरला दाखवायचं. त्या गर्भाची पिशवी आतून खरवडून साफ करतील, पुष्कळ बायकांचं तेवढ्यानं भागतं. आत गाठ निघाली तर पिशवीच काढावी लागेल. रेडियमचे किरण देऊनही रक्त थांबवतात, पण ते कुणाला द्यायचे ते मुंबईचे डॉक्टर ठरवतील. आणि जे काय करायचं ते आगबोटी चालू आहेत तोवर. एकदा पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या की घाटातून मोटारीचे धक्के खात जाण्याइतका जीव या बाईत नाही.

डॉक्टर गेले आणि घरात चर्चा सुरू झाली. शेट्यांच्या घरात चर्चा म्हणजे येसूबाई बोलायच्या आणि आत्मारामशेट खांबाला टेकून ऐकायचे. पिशवी काढायची म्हणजे काय, बाईमध्ये मग उरलं काय? पोट फाडायचं, तेही परक्या गावात? असल्या गोष्टी देवाला विचारल्याशिवाय करायच्या नाहीत. आजवर विहीर खणली ती कौल लावून, लवूला मुंबईला धाडलं ते कौल लावून. आधी लग्न पार पडू दे, मग कौल लावू. लग्न पार पडलं. मग गुरवाच्या घरी सुतक आलं. दिवस निघून चालले आणि बंदरावर शेवटच्या बोटींची बोलणी सुरू झाली.

अखेर एका सकाळी आत्मारामशेट ग्रामदेवापुढं जाऊन उभे राहिले. जिचा जीव टांगणीला तिला देवळाच्या पायरीलाही शिवायची सोय नव्हती, म्हणून तिच्या वतीनं नवरा. गुरवानं गाऱ्हाणं घातलं आणि देवाच्या अंगाला दोन बाजूंना कळ्या लावल्या. उजवी पडली तर मुंबईला जा, डावी पडली तर जाऊ नका. आत्मारामशेट हात जोडून उभे राहिले. ऊन चढलं. पाय भरून आले. ना उजवी पडली ना डावी. दुपारी गुरव म्हणाला, देव म्हणतो, थांबा.

आत्मारामशेट घरी आले आणि परसात दगडी डोणीपाशी पाय धुता धुता त्यांनी आईला ते सांगितलं. येसूबाई दारात होत्या, मथुरा सुपारी सोलत बसली होती.

"थांबा तर थांबू," येसूबाई म्हणाल्या. "नारळी पुनवेला बोटी पुन्हा सुरू होतातच."

यमुनाबाई पडवीत उठून उभ्या राहिल्या. खांब धरावा लागला.

"देवाच्या कळ्यासुद्धा पडायला लाजतात," त्या म्हणाल्या, "आणि मी मेली कधीची..."

मथुरानं सुपारीवरून मान वर केली. ओठ हसायच्या तयारीत होते. आत्मारामशेटही जरा सैलावले, बायको आता काहीतरी मजेचं बोलणार आणि हा प्रसंग टळणार म्हणून. यमुनाबाईंनी ती तोंडं पाहिली. वाक्य तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"हसू नको गो मथुरे," त्या म्हणाल्या. "मी गंमत करत नाहीये. मी मरतेय."

यमुनाबाई सासूकडं वळल्या.

"उठून उभी राहिले की डोळ्यांपुढं काळोख येतो. निजले की छाती धडधडते, आणि वाटतं, सकाळी हाक मारली तर ओ देईन की नाही. मला भीती वाटते. आजवर मी हसत होते ते खोटं होतं. पहिले काही दिवस खरं होतं, मग खोटं. मला वाटलं रजा आहे, पण ही रजा नव्हे. पिशवी कापायची तर कापू दे. ती पोटात ठेवून मला मरायचं नाहीये. मला आणखी जगायचंय, सासूबाई. ही शेवटची बोट गेली तर नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहाल आणि मला पाणी द्याल."

बोलता बोलता त्या रडल्या. गावानं यमुनाबाईंना रडताना पाहिलं नव्हतं, घरानंही नव्हतं, आणि त्यांना तरी ते कुठं नीट जमत होतं. नाक पुसायला पदर शोधताना त्या खांबाच्या आधारानं खाली बसल्या. मथुराच्या हातातली सुपारी घरंगळत खळ्यात गेली, ती उचलायला कुणी उठलं नाही.

येसूबाई दारातून परसात उतरल्या. मग मुलाला म्हणाल्या, "आत्माराम, डावी कळी पडली काय रे?"

"नाही पडली."

"म्हणजे देवानं नको म्हटलेलं नाही. बंदरावर जाऊन विचारून ये, बोटीकडं माणसं नेणारे पडाव कधी निघतात ते. आणि लवूला तार कर."

बोटीत यमुनाबाईंनी विनोद केले नाहीत, कारण बोट लागल्यामुळं तोंड भलत्याच कामात होतं. लवूनं भाऊच्या धक्क्यावर उतरवून घेतलं आणि गिरगावातल्या एका बायकांच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई, दमयंतीबाई, यांनी आधी पोटाला हात लावला, आणि मग काय ते विचारलं. आत गाठ होती. नारळाएवढी, असं त्या म्हणाल्या. "यजमानांना सांगू नका," यमुनाबाई म्हणाल्या, "हलवून बघतील." दमयंतीबाईंना हसू आलं, पण त्यांनी पोटावरचा हात काढला नाही. नुसतं खरवडून आता भागायचं नव्हतं. आणि एवढ्या रक्तात पिशवी काढायला घेतली तर बाई टेबलावरच राहायची. म्हणून आधी पडून राहायचं, लोहाची औषधं घ्यायची, रोज बकऱ्याचं काळीज खायचं. यमुनाबाई उभा पावसाळा लवूच्या खोलीत काळीज खात पडून राहिल्या. हळूहळू त्यांचा गोरेपणा उतरला आणि जुनी काजळी परत आली. दर आठवड्याला इस्पितळात दमयंतीबाई पापणी ओढून बघायच्या. ज्या दिवशी त्या म्हणाल्या की आता शोभता तशा काळ्या झालात, त्याच्या दुसऱ्या दिवशी पिशवी काढली.

नारळी पुनवेला बोटी सुरू झाल्या, आणि जखम भरून आल्यावर त्या बोटीनं परतल्या. अंग हडकलेलं, पोटावर शिवण, आणि पाय मात्र जमिनीवर पक्के. आळीतल्या बायका दर्शनाला यावं तशा आल्या. जरा ताकद येईपर्यंत येसूबाईंनी त्यांना कळशी उचलू दिली नाही, पण ताकद आली तशी कळशीही आली. आणि मग यमुनाबाईंच्या लक्षात आलं की आता कावळा कधी येणार नाही, म्हणजे पडवीही नाही. महिन्याचे सगळे दिवस रहाट, महिन्याचे सगळे दिवस चूल. येसूबाई तर खूशच होत्या, सून बारमाही झाली म्हणून. "पिशवी काढली त्याचं काही नाही," यमुनाबाई विहिरीवर सांगायच्या, "पण माझ्या सगळ्या रजा मेल्या तिच्यातच होत्या." बायका पुन्हा पोट धरून हसू लागल्या. मरणाच्या दारातून आलेली बाई पहिल्यासारखी बोलते म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं.

दोनेक वर्षं गेली. पावसाळा संपत आलेला, मथुरा पडवीत बसली होती आणि तिच्याभोवती शेजारच्या सखू आणि राही उकिडव्या बसल्या होत्या, चार हात लांब. यमुनाबाई स्वयंपाकघरात नैवेद्याचं पुरण वाटत होत्या. सोवळ्यात होत्या. पडवीतून हसण्याचा आवाज आला, मग मथुराचं बोलणं ऐकू आलं.

"न्हाऊन आत जावं तर पुन्हा बाहेर. श्रावणापासून हेच चाललंय. वहिनींचा कावळा उडाला तो माझ्याकडं येऊन राहिलाय. घरटं आयतंच होतं मेल्याला."

सखू आणि राही हसल्या. येसूबाईही देवापुढून हसल्या. वाक्य खरंच चांगलं होतं, यमुनाबाईंचंच होतं. त्यांनी पुरणाचे हात तसेच ठेवले आणि उठल्या. दाराशी येऊन मथुराकडं पाहिलं. मथुरा सुरेख दिसत होती. गाल वर आलेले, रंग उजळलेला.

यमुनाबाई पायरी उतरल्या, पडवीत शिरल्या, चटईवर बसल्या आणि त्यांनी मथुराचा हात पुरणाच्या हातांत घेतला. हात थंड होता.

"वहिनी, अहो, सोवळ्यात आहात," मथुरा हसता हसता म्हणाली. मग तिनं यमुनाबाईंचं तोंड पाहिलं आणि तिचं हसणं थांबलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "पायऱ्या चढले की धाप लागते."

"आणखी?"

"कानात आवाज होतो. वहिनी, मला भीती वाटते."

देवापुढून येसूबाईंचा आवाज आला. "काय गो यमुने, तिला शिवलीस काय? नैवेद्य व्हायचाय अजून."

"शिवले," यमुनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात सोडला नाही.